सकाळी सगळे थंड, दुपारी सगळे तापलेले : गेटवरचा थर्मल कॅमेरा वारंवार चुकतो तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. सकाळच्या पाळीला कॅमेऱ्यावर सगळ्यांचे आकडे ३४-३५ च्या आसपास, कोणालाच ताप नाही. साडेअकरा-बारा वाजले की अलार्म सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. रांगेतल्या दर तिसऱ्या माणसाच्या डोक्याभोवती लाल चौकट. वॉचमन दोन दिवस सगळ्यांना इमानेइतबारे बाजूला घेतो, तिसऱ्या दिवशी स्पीकरची वायर काढतो. मग यंत्र बसवणारा माणूस येऊन अलार्मची मर्यादा ३७.५ वरून ३८.२ वर नेतो. दुपार शांत होते. पुढच्या आठवड्यात कोणीतरी १०२ ताप अंगात घेऊन त्याच गेटमधून आत गेल्याचं कळतं, की पुन्हा फोनाफोनी.

हे कॅमेरे २०२०-२१ मध्ये धडाक्यानं घेतले गेले. एमआयडीसीतले कारखाने, कॉलेजं, देवस्थानं, इस्पितळं, रेल्वे स्थानकं, सगळीकडे. जून २०२० मध्ये पुणे स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलानं ‘कॅप्टन अर्जुन’ नावाचा यंत्रमानवच प्रवासी तपासायला उभा केला होता. करोना ओसरला तसे बरेचसे कॅमेरे गोदामात गेले, काही भिंतीवरच राहिले. फ्लूची लाट किंवा नव्या साथीची बातमी आली की पुन्हा चालू होतात आणि तीच तक्रार पुन्हा सुरू होते. यंत्र बिघडलंय असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, बिघाड गेटच्या मांडणीत असतो.

एक गोष्ट आधी पक्की करू. थर्मल कॅमेरा अंगातला ताप मोजत नाही. कातडीतून बाहेर पडणारी अवरक्त किरणं, साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी, तो टिपतो आणि त्यावरून कातडीच्या पृष्ठभागाचं तापमान काढतो. तोंडात थर्मामीटर ठेवून ३७ येणाऱ्या माणसाचं कपाळ सावलीत ३४ च्या आसपास असू शकतं, डिसेंबरात नाशिकमध्ये पहाटे मोटारसायकलवरून आलेल्याचं त्याहून बरंच खाली आणि मे महिन्यात उन्हात पंधरा मिनिटं रांगेत उभ्या असलेल्याचं ३७ च्याही वर. तिघांनाही ताप नाही. पडद्यावर ‘शरीराचं तापमान’ म्हणून जो आकडा दिसतो, तो या कातडीच्या आकड्यात सॉफ्टवेअरनं काहीतरी मिळवून तयार केलेला असतो.

आधी ठरवा : माणसं तापलीत की यंत्र सरकलंय?

सेटिंगला हात लावण्यापूर्वी एक सोपी चाचणी करा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ आत, पंख्याच्या झोतापासून लांब बसलेला एक निरोगी माणूस घ्या. ऑफिसातला शिपाई चालेल, कॅमेऱ्याशी बसणारा ऑपरेटरही चालेल. सकाळी नऊला, बाराला, तीनला आणि संध्याकाळी, असं चार वेळा त्याला कॅमेऱ्यासमोर ठरलेल्या खुणेवर उभं करा. त्याच वेळी साध्या डिजिटल थर्मामीटरनं तोंडातलं तापमान घ्या. दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा आणि त्यांच्यातला फरक काढा.

थर्मामीटर हवाच, कारण माणसाचं स्वतःचं तापमान दिवसभर एक राहत नाही. पहाटे सगळ्यात कमी, संध्याकाळच्या सुमाराला सगळ्यात जास्त. अर्ध्या अंशाचा फरक तर सहज पडतो. तो कॅमेऱ्याच्या माथी मारायला नको.

आता वही वाचा. फरक चारही वेळा जवळपास सारखा असेल आणि तरीही दुपारी रांगेतले लोक लाल दिसत असतील, तर कॅमेरा खरं तेच सांगतोय. लोकांची कातडी खरोखर तापली आहे, आणि इलाज रांगेचा करायचा आहे. फरक वेळेनुसार बदलत असेल, सकाळी २.१ आणि दुपारी १.२ असा, तर यंत्र हवेच्या तापमानाबरोबर सरकतंय. मग ब्लॅकबॉडीकडे, म्हणजे कॅमेऱ्याला जुळवून घ्यायला ठेवलेल्या पाटीकडे, वळा.

ब्लॅकबॉडी आहे, पण कामात आहे का?

या कॅमेऱ्यांमध्ये थंड न केलेला मायक्रोबोलोमीटर, म्हणजे अवरक्त किरणं टिपणारा सेन्सर, असतो. बारीक फरक दाखवण्यात तो पटाईत; ०.०५ अंशाचा फरकसुद्धा चित्रात दिसतो. पण मूळ आकडा किती खरा, याची साधारण हमी ±२ अंशांची असते. विक्रेत्याच्या कागदावर पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि दुसरा तळटिपेत, त्यामुळे खरेदी करणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. ३७ आणि ३८ मधला फरक ओळखायचा तर ±२ चा उपयोग शून्य. म्हणून चौकटीत, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणाऱ्या दृश्यात, एक काळी, गरम, ठरावीक तापमानाला धरून ठेवलेली पाटी असते, तिला ब्लॅकबॉडी म्हणतात. कॅमेरा दर क्षणी तिच्याशी स्वतःला जुळवून घेतो आणि चूक अर्ध्या अंशाच्या आत येते.

ब्लॅकबॉडी नसलेला कॅमेरा असेल, तर पुढचं वाचलंत तरी फार फायदा नाही. आधी ती मिळवा.

ती असेल तर बघायच्या गोष्टी. पाटीवर ३५ लावलंय आणि कॅमेऱ्यात त्या जागी ३५.९ दिसतंय का? तसं असेल तर जुळवणी बंद आहे, किंवा सॉफ्टवेअरमध्ये पाटीची चौकट भलत्याच जागी आखलेली आहे. कोणीतरी ट्रायपॉडला धक्का देतं, पाटी चार इंच सरकते, चौकट भिंतीवर राहते आणि कॅमेरा भिंतीशी जुळवून घेत बसतो. दुपारी भिंत तापली की सगळ्यांचे आकडे बिघडतात. या तक्रारीमागचं हे मला सर्वात जास्त वेळा आढळलेलं कारण आहे, आणि ते दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. जमिनीवर रंगानं तिन्ही पायांच्या खुणा करून ठेवा.

पाटी चेहऱ्याएवढ्याच अंतरावर हवी. चेहरा दीड मीटरवर आणि पाटी चार मीटरवर असेल तर दोन्ही एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत, आणि धूसर पाटीचा आकडाही धूसर. पाटीवर पंखा किंवा एसीचा झोत नको. मधून माणसं जायला नकोत. रांगेतल्या कोणाच्या खांद्यामागे पाटी झाकली गेली तर तेवढ्या वेळाची जुळवणी खांद्याशी होते. धूळ बसू देऊ नका, आणि पुसताना ओलं फडकं वापरू नका. सॉफ्टवेअरमध्ये उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णतेची किरणं किती चांगली बाहेर टाकतो त्याचा आकडा) भरायच्या दोन जागा असतात : माणसाच्या कातडीसाठी ०.९८, आणि पाटीसाठी तिच्या प्रमाणपत्रावर जो आकडा असेल तो, बहुधा ०.९५ ते ०.९७. दोन्हीकडे एकच आकडा ठोकलेला असतो, तोही तपासा.

कॅमेरा आणि पाटी दोघांनाही स्थिर व्हायला वेळ लागतो. आठच्या पाळीसाठी पावणेआठला स्विच दाबला तर पहिली दीडदोनशे माणसं अर्धवट गरम झालेल्या यंत्रानं तपासली जातात. अर्धा तास आधी चालू करा. अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर गोठतं, तो बिघाड नाही. आतलं शटर बंद करून कॅमेरा स्वतःची दुरुस्ती करत असतो.

काचेमागचा कॅमेरा

सीसीटीव्ही बसवणाऱ्या माणसानं थर्मल कॅमेरा बसवला असेल तर हे आधी बघा. पावसापासून वाचावा म्हणून तो नेहमीच्या काचेच्या डब्यात ठेवलेला असतो. साधी काच या लहरींना भिंतीसारखी आहे, म्हणून तर या कॅमेऱ्याचं भिंग जर्मेनियमचं असतं. काचेमागून कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, काच दिसते. अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्याचंही तेच. चष्म्याच्या काचा चित्रात काळ्याकुट्ट दिसतात त्याचंही कारण हेच, आणि त्यांच्याआड नेमकी आपल्याला हवी ती जागा झाकली जाते.

ती जागा म्हणजे डोळ्याचा नाकाकडचा कोपरा. तिथली कातडी पातळ असते आणि मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या फांदीतून तिथे रक्त येतं, त्यामुळे ऊन-वाऱ्याचा परिणाम कपाळापेक्षा कमी. आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये मोजायची जागा म्हणून तीच धरली आहे. कपाळावर आपल्याकडे काय काय असतं बघा : घाम, केस, टोपी, हेल्मेटचा दाब, ओलं गंध, बुक्का. ओलं चंदन सुकेपर्यंत कातडी गार ठेवतं. देवस्थानात दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्यांची तपासणी कपाळावरून करण्यात अर्थ नाही.

वरून खाली बघणारा कॅमेरा, आणि गर्दी एकदम तपासण्याचा मोह

इथे थोडं थांबू, कारण मूळ घोळ इथे आहे. ‘एका वेळी ३० चेहरे तपासतो’ अशी जाहिरात वाचून कॅमेरा घेतलेला असतो. तो दहा फूट उंचीवर, सगळं गेट दिसेल असा लावलेला असतो. आता हिशोब करू.

३८४ × २८८ पिक्सेलचा कॅमेरा, भिंगाचा दृश्यकोन ४० अंशांचा, माणूस ३ मीटरवर. एवढ्या अंतरावर चौकटीची रुंदी साधारण २.२ मीटर. म्हणजे एक पिक्सेल जवळपास ५.७ मिलिमीटरचा. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला आडवे जेमतेम २६ पिक्सेल येतात. डोळ्याचा कोपरा काही मिलिमीटरचा; तो एका पिक्सेलमध्ये पापणी, नाक आणि चष्म्याच्या दांडीसकट मिसळून जातो. आलेला आकडा त्या सगळ्याची सरासरी असते, आणि माणूस जितका लांब तितकी ती खाली येते. मागच्या रांगेतला तापाचा माणूस पुढच्या रांगेतल्या निरोगी माणसापेक्षा गार दिसू शकतो.

या कामासाठीच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकात चेहरा उभा २४० आणि आडवा १८० पिक्सेलमध्ये बसावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे एक पिक्सेल एक मिलिमीटरपेक्षा लहान. आपल्या ३८४ च्या कॅमेऱ्यानं ते साधायचं तर चौकटीची रुंदी ३२ सेंटिमीटरच ठेवावी लागेल. ६४० चा महागडा कॅमेरा घेतलात तरी ५३ सेंटिमीटर. ५३ सेंटिमीटरमध्ये एक चेहरा आणि शेजारी ब्लॅकबॉडी, एवढंच मावतं. १६० × १२० च्या कॅमेऱ्याला तर हे कधीच जमणार नाही, त्याची पूर्ण चौकटच १८० पेक्षा अरुंद आहे.

तेव्हा गर्दी तपासणारा कॅमेरा नसतो. एकेक माणूस तपासणारा असतो आणि गर्दीची रांग आपण करायची असते. अमेरिकेतल्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेनंही करोनाकाळात स्पष्ट सांगितलं होतं, की एका वेळी अनेकांची तपासणी या यंत्रांनी परिणामकारक होत नाही.

म्हणून कॅमेरा भिंतीवरून उतरवा. डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटरच्या आसपास, समोरासमोर लावा. वरून बघणाऱ्याला टोप्या आणि भांग दिसतात. जमिनीवर पावलांची खूण करा, माणूस तिथे थांबेल, चष्मा, टोपी, स्कार्फ काढेल, समोर बघेल, दोन-तीन सेकंद, मग पुढे. शाळेत असाल तर मुलांसाठी खालच्या उंचीवर दुसरी खूण आणि कॅमेऱ्याचा दुसरा कोन लागेल.

सावली आणि थांबा

याच एफडीएनं खोलीची अटही घातली आहे : २० ते २४ अंश सेल्सिअस, आर्द्रता १० ते ५० टक्के, ऊन आणि झोत दोन्ही नकोत, आणि तपासण्यापूर्वी माणूस तिथे किमान १५ मिनिटं थांबलेला असावा, अंगमेहनत किंवा आंघोळ केलेली असेल तर ३० मिनिटं. मुंबईच्या जुलैमध्ये ५० टक्के आर्द्रता फक्त एसी खोलीत मिळेल, विदर्भाच्या मे महिन्यात २४ अंशही तिथेच. कारखान्याच्या गेटवर हे पाळणं कठीण आहे हे मान्य. पण किती कठीण, ते आकड्यात बघा. मिनिटाला १५ माणसं घ्यायची आणि प्रत्येकाला १५ मिनिटं थांबवायचं, तर एका वेळी २२५ माणसं सावलीत उभी राहतील एवढी जागा लागेल. बहुतेक गेटांवर तेवढा मांडव घालता येत नाही, आणि पाळी उशिरा सुरू झालेली व्यवस्थापनाला चालत नाही.

मधला मार्ग असा. निदान शेवटचे पाच-सात मिनिटांचे अंतर तरी शेडनेटखालून जाईल अशी रांग वळवा. ज्यांचा अलार्म वाजेल त्यांनाच १५ मिनिटं आत बसवा आणि पुन्हा मोजा. दुपारचे बहुतेक लाल चेहरे तेवढ्यात उतरतात. मात्र यातून फक्त एका बाजूची चूक सुधारते. उलट बाजूची चूक तशीच राहते, आणि ती जास्त धोक्याची आहे : घामाघूम माणसाच्या चेहऱ्यावरचा घाम वाळताना कातडी गार करतो, वाऱ्यातून गाडीवर आलेल्याची कातडी गारच असते, आणि थंडी वाजून ताप चढत असताना शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आखडून घेतं. हिवतापात कुडकुडणारा माणूस कॅमेऱ्याला निरोगी वाटू शकतो. तो अलार्म वाजवत नाही, त्यामुळे त्याला कोणी बसवून पुन्हा मोजतही नाही. त्याच्यासाठी गेटवर तोंडी विचारण्याला पर्याय नाही : अंग दुखतंय का, थंडी वाजतेय का, सकाळी कुठली गोळी घेतली का.

पार्श्वभूमीही बघा. रांगेमागे उन्हातला पत्रा, चहाची शेगडी, हॅलोजन, नुकत्याच आलेल्या टेम्पोचा सायलेन्सर, काहीही गरम नको. चेहरा ओळखण्याची सोय नसलेले जुने कॅमेरे चौकटीतला सर्वात गरम ठिपका धरतात; तिथे हातातल्या चहाच्या कपालाही ताप येतो. गुळगुळीत स्टीलचे फिरते अडसर आणि काचेची दारं आरशासारखी उष्णता परतवतात, त्यांचा कोन बदला किंवा मागे साधा कापडी पडदा लावा.

मर्यादा कुठे लावायची

‘किती लावू, साहेब?’ याला एक उत्तर नाही, आणि पुस्तिकेतलं ३७.३ किंवा ३७.५ तर आंधळेपणानं लावूच नका. थर्मामीटरवर ज्यांना ताप नाही अशा ५०-१०० माणसांचे आकडे तुमच्याच गेटवर, तुमच्याच वेळेला घ्या. समजा बहुतेकांचे आकडे ३५.६ ते ३६.२ मध्ये आले. चांगलं आहे, ३६.८ च्या आसपास मर्यादा लावून बघता येईल. तेच जर ३४.५ ते ३७.४ असे विखुरले असतील, तर कितीही आकडेमोड केलीत तरी मर्यादा सापडणार नाही. ताप आल्यावर कातडीचं तापमान एक-दीड अंशानं वाढतं आणि तुमच्या निरोगी माणसांतच तीन अंशांचा पसारा आहे. पसारा कमी करण्याचा मार्ग सेटिंगमध्ये नाही, वर सांगितलेल्या जागेच्या दुरुस्त्यांत आहे.

मर्यादा वर ढकलली की अलार्म कमी होतात ते का, हेही समजून घ्या. धरा, २००० कामगार, त्यातल्या १० जणांना ताप. कॅमेरा तापवाल्यांपैकी ८० टक्के पकडतो आणि निरोग्यांपैकी ९५ टक्के बरोबर सोडतो, म्हणजे बरीच चांगली कामगिरी म्हणायची. तरी ८ खऱ्यांबरोबर जवळजवळ १०० निरोगी बाजूला निघतात. दर तेरा-चौदा अलार्ममागे एक खरा. वॉचमनला हे आधी सांगितलेलं नसतं, म्हणून त्याला यंत्र खोटारडं वाटतं. आता मर्यादा वाढवून निरोग्यांपैकी ९९ टक्के सोडायचे ठरवले, तर खोटे अलार्म २० वर येतात, पण खरे कदाचित ५ च सापडतात. उरलेले ५ आत. गेट शांत झालं एवढंच.

काही कॅमेऱ्यांत चालती सरासरी असते : मागच्या काही माणसांच्या सरासरीपेक्षा अमुक अंश वर असेल त्याला पकडायचं. हवामानाबरोबर मर्यादा आपोआप वर-खाली होते, म्हणून मला ही सोय ठरलेल्या आकड्यापेक्षा बरी वाटते. पण ती कुठे फसते ते लक्षात ठेवा. एसी बसमधून चाळीस जण उतरले आणि त्यांच्यामागे उन्हातून चालत आलेले आले, की मागचे सगळेच लाल. यंत्र नुकतंच चालू झालेलं असेल तर सरासरीच तयार नसते. अलार्म वाजलेल्यांचे आकडेही सरासरीत घेतले जात असतील तर ती चढत जाते. तो पर्याय बंद करा. उन्हातली आणि सावलीतली रांग एका कॅमेऱ्यावर आणू नका.

एक बारीकसं पण वारंवार दिसणारं : आपल्याकडे ताप फॅरनहाइटमध्ये बोलला जातो आणि कॅमेरा सेल्सिअसमध्ये असतो. ३८ म्हणजे १००.४, आणि ३७.५ म्हणजे ९९.५. गेटवर हा तक्ता चिकटवा, नाहीतर ‘३८ म्हणजे थोडासाच’ असं म्हणून माणूस सोडला जातो.

सगळ्यांचेच आकडे ३६.५ येत असतील तर

ही वरच्या तक्रारीच्या उलट तक्रार, आणि ही कोणी करत नाही, कारण गेट सुरळीत चाललेलं असतं. पहाटे थंडीत, दुपारी उन्हात, म्हातारा, तरुण, सगळे ३६.४, ३६.५, ३६.६. कातडीचे आकडे असे येऊच शकत नाहीत. काही यंत्रांचं सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा ‘नेहमीच्या’ तापमानाकडे ओढतं, हे २०२१ मध्ये झालेल्या स्वतंत्र चाचण्यांत उघड झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये एफडीएनं अशा तपासणी यंत्रांच्या काही विक्रेत्यांना इशारापत्रंही पाठवली.

घरच्या घरी तपासता येतं. गरम पाण्याची पिशवी सहन होईल इतपत गरम घेऊन मिनिटभर कपाळाला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत लावा, पुसून लगेच कॅमेऱ्यासमोर उभे राहा. आकडा ३८-३९ च्या वर जायला हवा. तो ३६.८ वरच अडखळला तर कॅमेरा मोजत नाही, वाटाघाटी करतोय. कच्चं तापमान दाखवणारा पर्याय मेनूत असेल तर चालू करा. नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा की दुरुस्तीचं गणित बंद कसं करायचं. ‘एआय आहे, आपोआप होतं’ हे उत्तर स्वीकारू नका.

अलार्म वाजल्यावर

बाजूला घेतलेल्या माणसाला कपाळावरच्या गनने पुन्हा मोजणं ही सर्रास दिसणारी गोष्ट. गनसुद्धा कातडीच मोजते, तीही उन्हानं तापलेली तीच कातडी. दोन्ही यंत्रं एकाच कारणानं एकसारखी चुकतात आणि एकमेकांना दुजोरा देतात. शिवाय गनला ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड असतात. सरफेसवर राहिलेली गन तापाच्या माणसालाही ३५ दाखवते. खातरजमा स्पर्शाच्या थर्मामीटरनंच करा, जिभेखाली किंवा काखेत. काखेत आकडा साधारण अर्ध्या अंशानं कमी येतो. नुकताच चहा प्यायला असेल तर तोंडातलं तापमान पंधरा मिनिटांनी घ्या. प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसा. आणि हे सगळं रांगेसमोर नको, आडोशाला. चार लोकांत लाल चौकट आलेला माणूस दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन येतो.

गोळी घेऊन आलेला कॅमेऱ्याला दिसतच नाही, हेही मालकांना सांगून ठेवावं. पॅरासिटॅमॉलनं ताप उतरला की उरलं काय मोजायला? शिवाय आजार आहे पण ताप नाही, असेही पुष्कळ. न्यूयॉर्क परिसरातल्या इस्पितळांत २०२० मध्ये दाखल झालेल्या ५७०० करोना रुग्णांच्या अभ्यासात, आले तेव्हा ताप असलेले जेमतेम ३० टक्के होते. २००३ मध्ये सार्सच्या वेळी सिंगापूरनं लष्करी थर्मल कॅमेऱ्यात फेरफार करून ताप शोधणारं यंत्र उभं केलं, तिथून या कामाची सुरुवात झाली. त्याच साथीत कॅनडानं विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले आणि त्यात सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. तुमच्या गेटवर हे यंत्र फारतर तापाचे काही लोक वेगळे काढेल. त्यासाठी खर्च करायचा की तोच पैसा आजारी माणसाला पगारी रजा द्यायला वापरायचा, हा प्रश्न तंत्रज्ञाला कोणी विचारत नाही. विचारला तर मी पगारी रजाच सांगेन.

गोदामातून यंत्र काढताना

दोन-तीन वर्षं पडून असलेला कॅमेरा थेट गेटवर लावू नका. आत, एका तापमानाच्या खोलीत तासभर चालवा आणि वर सांगितलेली शिपायाची चाचणी घ्या. ब्लॅकबॉडीच्या प्रमाणपत्राची तारीख बघा. बहुतेकांची मुदत वर्षाची असते आणि ती कधीच उलटून गेलेली असते. भिंगावर बुरशी किंवा डाग असतील तर आधी हवेच्या फुग्यानं धूळ उडवा, मग भिंग पुसायच्या कागदानं हलक्या हातानं. जर्मेनियमवर पातळ थर दिलेला असतो, काच पुसायचं द्रव आणि खडबडीत फडकं त्याला ओरखडे पाडतं. मशीन बदललं किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत केलं तर उत्सर्जकता, अंतर आणि पाटीची चौकट मूळ कारखान्याच्या सेटिंगवर गेलेली असते, तिन्ही पुन्हा भरा. पाटीवरचा काळा थर सोलला असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला काळा रंग मारू नका. त्याची उत्सर्जकता कोणालाच माहीत नसते. पाटी बनवणाऱ्याकडे परत पाठवा, आणि ती येईपर्यंत गेटवर स्पर्शाचा थर्मामीटर आणि स्पिरिट घेऊन माणूस बसवा.